ग्रामसभेत बोललेलं कागदावर येतं का? गावाच्या आराखड्यात आपलं काम घालायचं तर हे माहीत असू द्या

कुरुंदवाड : आपल्या शेजारचं हेरवाड आठवा. ४ मे २०२२ रोजी या गावानं ग्रामसभेत एक ठराव केला. नवरा वारला की बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची, ही पद्धत गावात बंद. दोन दिवसांनी, ६ मेला, राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं पूर्ण होत होती, त्या निमित्तानं हा विषय सभेपुढं आला होता. करोनात कमी वयाच्या कितीतरी बाया विधवा झाल्या होत्या. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी गावोगावच्या ग्रामपंचायतींना असा ठराव करण्याचं आवाहन केलं होतं. सुरगोंडा पाटील तेव्हा हेरवाडचे सरपंच होते. गावानं ठराव केला आणि १७ मेला राज्याच्या ग्रामविकास विभागाचं परिपत्रक निघालं, की हेरवाडसारखं इतर ग्रामपंचायतींनीही करावं.

म्हणजे तेरा दिवसांत शिरोळ तालुक्यातल्या एका गावची सभा मंत्रालयापर्यंत पोचली. ग्रामविकास मंत्री तेव्हा आपल्याच जिल्ह्यातले हसन मुश्रीफ होते, त्याचाही उपयोग झाला असणार. पण मूळ कागद गावचा होता. हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनं लगोलग तसाच ठराव केला आणि मग राज्यभरातून ठराव येत राहिले.

हे आत्ता सांगायचं कारण असं, की त्याच ग्रामसभेबद्दल आपल्या भागात विचारलं तर उत्तर येतं, "त्यात काय असतंय, चार माणसं बसत्यात, सह्या करत्यात, चहा पिऊन उठत्यात." ते खोटंही नाही. म्हणून सभा कशी चालते, पैसा कुठं अडतो आणि आपलं म्हणणं कागदावर कसं येतं, हे इथं एकत्र दिलं आहे.

सभा कुणाची?

ग्रामपंचायत आणि ग्रामसभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथंच बहुतेकांची गल्लत होते. पंचायत म्हणजे निवडून आलेले सरपंच आणि सदस्य. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक माणूस. तुम्ही निवडून आला नाही, कुठल्या गटाचे नाही, घरपट्टी थकली आहे, तरी यादीत नाव असेल तर तुम्ही सभेचे सदस्य आहात. कुणी तुम्हाला सदस्य करून घ्यायची गरज नाही आणि कुणी काढूही शकत नाही.

ही सोय महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये आहे. २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेतही जागा मिळाली. कायद्याप्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार सभा झाल्याच पाहिजेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा लोकांच्या डोक्यात पक्क्या बसल्या आहेत, पण सभा त्याच दिवशी होईल असं धरून बसू नका, पुढंमागं होते. योग्य कारण नसताना सभा टाळल्या तर सरपंचाचं पद जाऊ शकतं आणि ग्रामसेवकावरही कारवाई होऊ शकते. (ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एकत्र करून आता 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव झालं आहे. गावात अजून ग्रामसेवक किंवा भाऊसाहेबच म्हणतात, म्हणून पुढं तेच लिहिलं आहे.)

प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तिथं जे ठरतं ते मोठ्या सभेपुढं ठेवायचं असतं. बऱ्याच गावांत ही सभा फक्त रजिस्टरात होते, अंगणवाडी ताई आणि आशा ताई सह्या गोळा करतात आणि झालं. पाण्याची वेळ, गटार, शौचालय, दारूचं दुकान हे विषय सगळ्यात नेमके मांडले जातात ते बायकांच्या सभेत. मोठ्या सभेत मागं उभं राहून ज्या बोलत नाहीत, त्या तिथं बोलतात. बचत गटाच्या बैठकीलाच महिला सभेची तारीख विचारून घेतली, तर ती कागदावर उरकणं अवघड जातं.

कोरमची मेख

सभेला निदान १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यातला जो आकडा कमी असेल तेवढे हजर पाहिजेत. ६०० मतदारांच्या वाडीत ९० माणसं लागतात. पाच हजार मतदारांच्या गावातही १०० पुरतात.

आता मेख बघा. तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा कोरमची अट राहात नाही. पंधरा माणसं असली तरी सभा कायदेशीर आणि ठरावही कायदेशीर. पहिल्या दिवशी लोक आले नाहीत की "सभा तहकूब" म्हणायचं आणि नंतर आपल्या माणसांत विषय मंजूर करून घ्यायचे, हा प्रकार नवा नाही. यात बेकायदा काही नसतं. पहिल्या दिवशी आपण घरात बसलो, एवढंच असतं. तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात, नवीन विषय घुसवला जात असेल तर तिथंच हरकत घ्या आणि ती नोंदवायला लावा.

विषयपत्रिका म्हणजे सभेची नोटीस. नियमित सभेच्या सात दिवस आधी ती फलकावर लागली पाहिजे आणि दवंडी किंवा स्पीकर फिरला पाहिजे. हल्ली गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते, पण सगळेच त्या ग्रुपवर नसतात. तुमचा विषय असेल तर नोटीस निघायच्या आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ऐन सभेत उभं राहून बोललेला विषय "अध्यक्षांच्या परवानगीनं येणारे ऐनवेळचे विषय" या शेवटच्या ओळीत जातो, आणि तोवर निम्मी माणसं उठलेली असतात.

पैसा कुठला, कशाला लावता येतो

सभेत सगळ्यात जास्त भांडण होतं ते "आमच्या गल्लीचा रस्ता का नाही" यावर. त्याचं उत्तर बऱ्याचदा राजकारणात नसतं, पैसा कुठल्या खात्यातला आहे यात असतं.

गावाकडं मोठा पैसा येतो तो केंद्राच्या वित्त आयोगाकडून. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५-१६ पासून, हा निधी खर्चायचा तर गावाचा विकास आराखडा असावा लागतो. राज्यात त्याला 'आमचं गाव, आमचा विकास' असं नाव दिलं गेलं. पंधराव्या आयोगाच्या काळात, २०२१-२२ पासून, या निधीचे सरळ दोन भाग होते. ६० टक्के बंधित. त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी, दुसरीकडं वळवता येत नाही. उरलेला ४० टक्के अबंधित, तो गावाच्या गरजेप्रमाणं लावता येतो, फक्त पगार आणि कार्यालयीन खर्चाला चालत नाही. म्हणजे रस्ता, पेव्हिंग ब्लॉक, स्मशानशेड या सगळ्यांची ओढाताण त्या ४० टक्क्यांत. तुमची मागणी पाणी किंवा स्वच्छतेत बसवता आली तर तिला निधी मिळण्याची शक्यता जास्त, हे साधं गणित आहे.

दुसरा पैसा गावाचा स्वतःचा, घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार फी वगैरे. या स्वनिधीतून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. दिव्यांगांच्या पाच टक्क्यांचा प्रश्न सभेत कुणीतरी एकानं विचारला तरी पुरतं, कारण हा आकडा अंदाजपत्रकात शोधायला सोपा आणि लपवायला अवघड. अंदाजपत्रक म्हणजे पंचायतीच्या दप्तरातला नमुना एक.

आराखड्याचं काम साधारण २ ऑक्टोबरपासून जोर धरतं आणि हिवाळ्यात संपतं. महिला सभा, वंचित घटकांची सभा, बालसभा, शिवारफेरी असं बरंच त्या काळात व्हायचं असतं. १ मेच्या सभेत तावातावानं बोललेलं काम त्या वर्षीच्या आराखड्यात येत नाही, कारण आराखडा तोवर बंद झालेला असतो. भांडायचं असेल तर दिवाळीच्या आगंमागं भांडा.

एकदा काम आराखड्यात गेलं की ते ई-ग्रामस्वराज या पोर्टलवर दिसतं. 'मेरी पंचायत' या ॲपवरही गाव निवडून बघता येतं, कुठलं काम, किती रुपये, पैसे कधी निघाले. फोनवर दोन मिनिटांचं काम आहे. जे काम पोर्टलवर पूर्ण दिसतं आणि गल्लीत नाही, त्याचा स्क्रीनशॉट पुढच्या सभेत भाषणापेक्षा जास्त बोलतो.

नदीकाठच्या गावांनी काय मागावं

पंचगंगा आणि कृष्णा आपल्या दारात मिळतात. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही पुरांत कुरुंदवाड, नृसिंहवाडी, राजापूर, खिद्रापूर, बस्तवाड, आलास, बुबनाळ, औरवाड या पट्ट्यानं काय सोसलं ते इथं वेगळं सांगायला नको. पुराचा विषय सभेत निघाला की गाडी थेट अलमट्टीच्या उंचीवर जाते. अलमट्टीतून किती पाणी सोडायचं हे दोन राज्यांच्या पातळीवर ठरतं. त्यावर ठराव जरूर करा, पण तास तिथंच घालवला तर गावाच्या हातातलं काम राहून जातं.

गावाच्या हातात काय आहे? पूर आला की पहिल्यांदा जॅकवेल आणि पंप बुडतात आणि चहूबाजूंनी पाणी असताना प्यायला पाणी नसतं. पंपाचा पॅनल बोर्ड मागच्या पूररेषेच्या वर चढवणं, टाकी धुऊन क्लोरीन टाकायचं साहित्य आधी घेऊन ठेवणं, हे पिण्याच्या पाण्याचं काम आहे, म्हणजे बंधित निधीत बसवून मागता येतं. लोकांना ज्या शाळेत किंवा कार्यालयात हलवतात तिथली शौचालयं, विशेषतः बायकांसाठी, हे स्वच्छतेच्या निम्म्यात बसतं. जनावरं कुठं न्यायची, वैरण कुठं ठेवायची, कुठल्या गल्लीतली म्हातारी आणि आजारी माणसं आधी काढायची, याची यादी करायला तर पैसाही लागत नाही. ती यादी मे महिन्याच्या सभेत वाचून दाखवली तर जुलैत होडीवर भांडण होत नाही. पुराचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं हे ज्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे, त्यांना सभेत बोलावून आणा. नकाशापेक्षा त्यांची खूण बरोबर निघते, असा आमचा अनुभव आहे.

क्षारपड जमिनीचंही असंच. एकट्यानं आपल्या रानात निचऱ्याची पाइप घातली तर पाणी शेजाऱ्याच्या बांधाला जाऊन थांबतं. नाल्यापर्यंतची वाट सगळ्यांनी मिळून द्यावी लागते. शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी एकत्र येऊन असं काम केलेलं आहे. ते झालं ते आधी बांधावरची माणसं एका जागी बसली म्हणून.

ठराव लिहून घेणं

सभेत ठरलं एक आणि प्रोसिडिंगला आलं भलतंच, ही तक्रार सगळीकडं ऐकू येते. कारण हजेरीच्या सह्या आधी होतात आणि ठराव नंतर सावकाश लिहिले जातात. सही करताना वर काय लिहिलंय ते वाचा. ठराव मंजूर झाला की सूचक कोण, अनुमोदक कोण, बाजूनं किती, विरोधात किती, हे तिथंच मोठ्यानं वाचून दाखवा म्हणावं. मोबाईलवर रेकॉर्डिंग केलेलं बरं, पण रेकॉर्डिंग म्हणजे ठराव नव्हे. पुढच्या सभेत पहिला विषय असतो मागील इतिवृत्त वाचून कायम करणं. तो "वाचला असे समजून" पुढं ढकलू देऊ नका, चूक दुरुस्त करायची जागा तीच आहे.

ठरावाची नक्कल पंचायतीत अर्ज करून मिळते. नाही दिली तर माहितीचा अधिकार आहे. तरीही दाद लागली नाही तर शिरोळ पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडं आणि त्यांच्या वर कोल्हापूरला जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार करता येते. तोंडी तक्रारीला तारीख नसते.

ठरावाची ताकद कुठवर?

इथं खरं ते सांगितलं पाहिजे. विकासाची कामं, त्यावरचा खर्च, योजनांचे लाभार्थी यावर ग्रामसभेची मान्यता कायद्यानंच लागते. घरकुलाची यादी सभेपुढं वाचायची असते ती यासाठीच. जमीन संपादनाच्या प्रस्तावावर मात्र सभा आपलं मत कळवू शकते, शेवटचा शब्द सरकारचा. शक्तिपीठ महामार्गाच्या विरोधात जिल्ह्यातल्या अनेक गावांनी ठराव केले. त्या ठरावांनी कायद्यानं काम थांबत नाही, पण सरकारला वारंवार भूमिका बदलावी लागली ती अशाच दबावानं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावचं उदाहरण सगळे देतात. तिथं सर्वांची सहमती झाल्याशिवाय निर्णय नाही आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसतो. २००९ मध्ये त्या गावाला आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण ते अनुसूचित क्षेत्र आहे. तिथं पेसा आणि वनहक्काचा कायदा ग्रामसभेला जे बळ देतो ते शिरोळला नाही, हे लक्षात ठेवून तुलना करावी.

दारूचं दुकान बंद करायचं तर नुसता ठराव पुरत नाही. आधी २५ टक्के मतदारांच्या किंवा महिला मतदारांच्या सह्या, मग गुप्त मतदान, आणि एकूण मतदारांच्या निम्म्यापेक्षा जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. नुसत्या हजर मतदारांच्या निम्मी नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या. इथंच कितीतरी गावं थोडक्यात हरली.

आणि काही ठराव करताच येत नाहीत. अमक्या घराशी बोलायचं नाही, तमक्याला दुकानातून माल द्यायचा नाही, असा ठराव सगळ्या गावानं हात वर करून केला तरी तो गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा त्यासाठीच आहे.

हेरवाडच्या ठरावालाही शिक्षेचं कलम नव्हतं. कुणी बांगड्या फोडल्या तर पोलीस येतील असं त्यात काही नाही. तरी त्याचा उपयोग झाला, कारण दुःखाच्या दिवशी घरातल्या एखाद्या नणंदेला, जावेला "गावानं ठरवलंय" एवढं म्हणायला आधार मिळाला. पद्धत पुरती गेली का, हे त्या त्या घरातच बघावं लागेल.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची ग्रामसभा पोपटराव पवारांच्या काळात त्याहून पुढं गेली. शेतीला बोअर मारायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, आणि पाऊस मोजून दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडायचा. उसाच्या तालुक्यात हे नुसतं बोललं तरी सभा उधळेल! पण त्यांनी ताळेबंद फळ्यावर लिहून सगळ्यांसमोर मांडला, तेवढी गोष्ट आपणही उचलू शकतो.

कुरुंदवाड शहरात राहणाऱ्यांनी काय करायचं?

कुरुंदवाडला नगरपरिषद आहे, त्यामुळं ग्रामसभा लागू नाही. आजूबाजूच्या खेड्यातल्या माणसाला जो हक्क आहे तो शहरातल्या माणसाला नाही, ही गंमतच म्हणायची. नागरिकांच्या 'क्षेत्र सभे'ची तरतूद राज्यानं २००९ मध्ये केली, पण ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. शहराचा विकास आराखडा जाहीर होतो तेव्हा मात्र हरकती आणि सूचना द्यायची मुदत असते, आणि हरकत घेणाऱ्याचं म्हणणं समितीपुढं ऐकून घ्यावं लागतं. आपल्या जागेवर आरक्षण पडलंय हे लोकांना घर बांधायला गेल्यावर कळतं, तेव्हा मुदत संपून वर्षं झालेली असतात. नोटीस निघाली की नकाशावर आपला सर्व्हे नंबर शोधा.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरानं १९८९ पासून अंदाजपत्रकातला काही भाग नागरिकांना ठरवू दिला. पुणे महापालिकेनं २००६ पासून त्याच धर्तीवर नागरिकांकडून लहान कामांच्या सूचना अर्जावर मागवायला सुरुवात केली. कुरुंदवाडसारख्या लहान शहरात हे पुण्यापेक्षा सोपं आहे. गल्ली न् गल्ली एकमेकांना ओळखते. ज्या गावात पाच मशिदींत गणपती बसवतात, तिथं प्रभागातली माणसं गटारीसाठी एका ठिकाणी बसणार नाहीत, असं मानायला आम्ही तयार नाही. अंदाजपत्रकाच्या आधी प्रभागाची एक बैठक घ्या आणि कामांची यादी सह्यांनिशी मुख्याधिकाऱ्यांना द्या. त्याला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही.

तुमच्या गावची पुढची ग्रामसभा कधी आहे हे पंचायतीच्या फलकावर बघा. नोटीस लागली नसेल, किंवा सभा न होता नुसत्या सह्या घेतल्या जात असतील, तर फलकाचा तारखेसह फोटो काढून ठेवा. गटविकास अधिकाऱ्यांकडं जाताना तोच पहिला पुरावा असतो.